एस. एम. जोशी : एकजुटीचे नेतृत्व आणि दुभंगलेला पक्ष

१२ नोव्हेंबर हा श्रीधर महादेव तथा एस. एम. जोशी यांचा जन्मदिवस. महाराष्ट्राच्या अर्थकारणाचा इतिहास शिकविताना संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो, आणि त्या ओघात एसेम यांचे नाव घ्यावेच लागते. मागील वर्षी असेच ते नाव घेतले असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने ते कोणत्या खात्याचे मंत्री होते, असे सरळ विचारले. ते कधीच मंत्री नव्हते, असे सांगितल्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला. मग त्यांचा कारखाना कोणता, की बँक, की शिक्षणसंस्था? वर्गात हशा पिकला. पण प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक कुटुंबातल्या मुलाने राजकीय पुढाऱ्याचे मोल ज्या मापाने होताना लहानपणापासून पाहिले, तेच माप त्याने पुढे केले होते.

या प्रश्नाला अज्ञान म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाने तरी तसे करू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. साठ वर्षांच्या सार्वजनिक जीवनातून माणसाने नेमके काय उभे केले, हा हिशेब मागण्याचा अधिकार पुढच्या पिढीला आहे. एसेम यांच्याविषयी बोलताना आपण त्यांच्या साधेपणाचे आणि त्यागाचे गोडवे गातो व हिशेबाचा प्रश्न भक्तिभावाने टाळतो. त्यामुळे त्यांच्या कर्तृत्वाचे खरे मोठेपण कळत नाही आणि त्यांच्या अपयशापासून शिकायचे तेही राहून जाते.

जडणघडण

एसेम यांचा जन्म १९०४ साली पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले. वडील लवकर वारल्यामुळे बालपण ओढगस्तीत गेले. शालेय आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्यात झाले. त्या वेळचे पुणे म्हणजे टिळकांच्या पश्चात नेतृत्वासाठी चाचपडणारे, सनातनी आणि सुधारक यांच्या संघर्षाने ढवळून निघालेले शहर. युवक चळवळीतून पुढे आलेल्या या तरुणाने आपली बाजू फार लवकर निवडली. ऑक्टोबर १९२९ मध्ये पुण्याच्या पर्वतीवरील मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा त्यात सामील होणाऱ्या मोजक्या ब्राह्मण तरुणांत एसेम होते. जमावाचा मार आणि नातेवाइकांचा रोष असा दोहोंचा प्रसाद त्यांना मिळाला. पुढे एकोणपन्नास वर्षांनी याच प्रश्नाच्या दुसऱ्या रूपासाठी त्यांना पुन्हा जमावासमोर उभे राहावे लागणार होते.

१९३० च्या कायदेभंगात ते तुरुंगात गेले. त्यानंतरच्या नाशिक कारागृहातील सहवासात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, ना. ग. गोरे आदी तरुणांच्या विचारविनिमयातून काँग्रेसमधील समाजवादी गटाची कल्पना आकाराला आली आणि १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. राजकीय स्वातंत्र्य मिळाले तरी जमिनीचा मालक, गिरणीचा धनी आणि जातीचा पुढारी हे तिघे जागच्या जागी राहणार असतील, तर सामान्य माणसाच्या वाट्याला काय येणार, हा त्या पक्षाचा मूळ प्रश्न होता. एसेम पंडिती वळणाचे समाजवादी नव्हते. मार्क्स त्यांनी वाचला होता, गांधीजींना मानले होते. पण त्यांचा समाजवाद पुस्तकापेक्षा माणसांच्या सहवासातून घडला.

जून १९४१ मध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली आणि दलप्रमुख म्हणून एसेम यांच्याकडे धुरा आली. शाखा, शिबिरे, कलापथके यांतून जातिधर्मनिरपेक्ष वृत्तीची एक पिढीच्या पिढी महाराष्ट्रात तयार झाली. बेचाळीसच्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि मुसलमान मौलवीच्या वेशात मुंबईत वावरत राहिले. १९४३ साली ते पकडले गेले. तुरुंगाच्या वाऱ्या आणि पूर्णवेळ कार्य यांत त्यांचे घर चालले ते पत्नी ताराबाई यांच्या नोकरीवर. समाजवादी चळवळीच्या इतिहासात अशा किती ताराबाईंच्या पगाराची नोंद व्हायची राहिली आहे, याचाही कधीतरी हिशेब व्हावयास हवा.

विरोधी पक्षाची वाट

मार्च १९४८ मध्ये नाशिक येथे भरलेल्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. सत्ता हाती आलेल्या पक्षातून बाहेर पडून विरोधी पक्ष उभारण्याचा हा निर्णय धाडसाचा होता, तसाच तो अंदाज चुकलेलाही होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळाली. लोकसभेत जागा मात्र १२ च आल्या. मते देशभर विखुरलेली आणि एखाद्या प्रदेशात, एखाद्या वर्गात घट्ट पाय रोवलेला पाया नाही, हे दुखणे तेव्हाच दिसून आले होते. त्याच वर्षी आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण होऊन प्रजा समाजवादी पक्ष जन्मास आला. १९५३ साली पुण्यातून पोटनिवडणूक जिंकून एसेम मुंबई विधानसभेत गेले. संरक्षण उत्पादन कारखान्यांतील कामगारांच्या संघटनेतही ते अग्रभागी होते. खडकी, देहू रोडच्या परिसरातील कामगारांना ते पुढाऱ्यापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यासारखे वाटत.

इथे क्षणभर ब्रिटनकडे पाहिले पाहिजे. कारण आपल्या समाजवाद्यांच्या डोळ्यांसमोर तेथील मजूर पक्षाचे उदाहरण सदैव होते. त्या पक्षाचा पाया घालणारे केर हार्डी हे स्कॉटलंडमधील खाणकामगार. वयाच्या दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला हा मनुष्य १८९२ साली पार्लमेंटमध्ये निवडून गेला, १९०७ साली हिंदुस्थानात येऊन येथील परिस्थिती पाहून गेला आणि मंत्रिपद न भूषविताच १९१५ साली निवर्तला. त्याचेच देशबांधव रॅम्से मॅक्डोनल्ड १९२४ साली मजूर पक्षाचे पहिले पंतप्रधान झाले; पण १९३१ च्या आर्थिक अरिष्टात त्यांनी विरोधकांबरोबर राष्ट्रीय सरकार बनविले आणि पक्षाने त्यांना बाहेर काढले. पंतप्रधानच सोडून गेला तरी तो पक्ष मोडला नाही, चौदा वर्षांनी तो पूर्ण बहुमताने सत्तेवर आला. याचे कारण व्यक्तींत शोधून सापडत नाही. १९०० साली त्या पक्षाची मांडणीच कामगार संघटनांच्या खांद्यावर झाली होती. संघटनांच्या सभासदांच्या नियमित वर्गणीतून पक्षाचा खर्च चाले. नेते आले आणि गेले, तरी वर्गणी आणि सभासद कायम राहिले. आपल्याकडील समाजवादी पक्षाला असा आधार कधीच लाभला नाही. तो कार्यकर्त्यांच्या त्यागावर चालला. त्याग हे मोठे भांडवल खरे. पण त्याची दर साल भरपाई होत नाही.

संयुक्त महाराष्ट्र

एसेम यांच्या कर्तृत्वाचा सर्वोच्च काळ १९५५ ते १९६० हा होय. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये आला आणि मराठी भाषकांच्या राज्याची मागणी फेटाळली गेली. मुंबई केंद्रशासित करण्याच्या घोषणेनंतर जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले. या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण गमावले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सभेत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. अध्यक्ष श्रीपाद अमृत डांगे आणि सरचिटणीस एस. एम. जोशी.

ही समिती म्हणजे काय चीज होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे. बेचाळीसच्या लढ्याला विरोध करणारे कम्युनिस्ट आणि त्या लढ्यात तुरुंगात गेलेले समाजवादी एका मांडवात बसले होते. शेतकरी कामगार पक्षाची ग्रामीण मंडळी होती, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील दलित समाज होता, प्रबोधनकार ठाकरे होते आणि आचार्य अत्र्यांची सर्वांवर बरसणारी लेखणी होती. यांतील कोणाचेही दुसऱ्याशी धड पटत नव्हते. प्रजा समाजवादी पक्षाच्या अखिल भारतीय नेतृत्वातील अनेकांना कम्युनिस्टांशी केलेले हे सहकार्य मुळीच रुचत नव्हते. १९५६ च्या अखेरीस हंगेरीत रशियन रणगाडे शिरल्यावर तर ते सहकार्य टिकविणे अधिकच अवघड झाले. तरीही समिती टिकली. सरचिटणिसाने स्वतःसाठी किंवा स्वतःच्या पक्षासाठी काही मागितले आहे, असा संशय कोणत्याही घटक पक्षाला आला नाही, हे तिच्या टिकण्याचे प्रमुख कारण होय. सौदा करणाऱ्या बारा जणांच्या मध्ये सौदा न करणारा एक मनुष्य लागतो. त्याच्याकडे विश्वासाने तक्रार नेता येते.

१९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला अक्षरशः झोपविले. डांगे मुंबईतून, नानासाहेब गोरे पुण्यातून, जेधे बारामतीतून आणि नाथ पै राजापुरातून लोकसभेत गेले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतः कराडमध्ये निसटत्या मतांनी बचावले. एसेम पुण्यातून पुन्हा विधानसभेवर आले. आमच्या शिरोळनेही त्या लाटेत सा. रे. पाटील या समाजवादी विचाराच्या तरुण कार्यकर्त्याला विधानसभेत पाठविले. द्वैभाषिक राज्यात गुजरात आणि विदर्भाच्या बळावर ३९६ पैकी २३४ जागा घेऊन काँग्रेसने सत्ता राखली. पण मराठी मुलखाचा कौल काय आहे, याविषयी दिल्लीला शंका उरली नाही.

याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरचा प्रतापगडचा प्रसंग एसेम यांच्या नेतृत्वाची कसोटी पाहणारा होता. शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणासाठी पंडित नेहरू येणार होते. वाई, पसरणी घाटाच्या रस्त्यावर समितीचे हजारो निदर्शक काळी निशाणे घेऊन जमले. लोकांच्या मनात गोळीबारातील मृतांच्या आठवणी ताज्या होत्या. एक दगड भिरकावला गेला असता, तर लढ्याची नैतिक बाजू त्याच दिवशी कोसळली असती. निदर्शने झाली, घोषणा झाल्या आणि पंतप्रधानांची गाडी सुखरूप गेली. जमाव पेटविणारे वक्ते समितीत पुष्कळ होते. पेटलेला जमाव आवरण्याची ताकद मात्र फार थोड्यांत होती आणि एसेम त्यांत पहिले होते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. मंगलकलश आणला तो यशवंतरावांनी. त्यात गैर काही नव्हते; दिल्लीचे मन वळविण्यात त्यांचाही वाटा होता. पण राज्य दृष्टिपथात येताच समितीला तडे गेले होते आणि प्रजा समाजवादी पक्ष तिच्यातून बाहेर पडला होता. १९६२ च्या निवडणुकीत नव्या राज्याच्या मतदारांनी २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला दिल्या. शेतकरी कामगार पक्षाला १५ आणि प्रजा समाजवादी पक्षाला अवघ्या ९ मिळाल्या. ज्यांनी राज्य मिळविले, त्यांच्या हाती दोन वर्षांत काहीच उरले नाही. स्वतः एसेमही त्यानंतर विधानसभेत नव्हते.

हे का घडले?

मतदार कृतघ्न होते, असे समजणे चूक ठरेल. त्यांनी समितीला एका मागणीसाठी मते दिली होती. मागणी पुरी झाल्यावर देणे फिटले होते. पुढे ऊस, पाणी, कर्ज आणि रस्ता हे प्रश्न होते. याच काळात ग्रामीण महाराष्ट्रात एक नवी व्यवस्था उभी राहत होती. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना निघाला होता आणि त्या वाटेने एकामागून एक कारखाने, जिल्हा बँका, खरेदी-विक्री संघ उभे राहत होते. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि त्यापाठोपाठ आलेली जिल्हा परिषद व पंचायत समित्यांची व्यवस्था यांनी गावोगावच्या कर्त्या माणसांना सत्तेत स्थान दिले. काँग्रेसने हे सारे जाळे आपल्या पक्षाची मुळे म्हणून वाढविले. सभासद शेतकऱ्याचे भागभांडवल, त्याचे कर्ज आणि त्याचे मत ही एकाच दोरीत ओवली गेली. ब्रिटनमध्ये जे काम कामगार संघटनांच्या वर्गणीने केले, तेच काम महाराष्ट्रात उसाच्या बिलातून होणाऱ्या कपातीने काँग्रेससाठी केले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सहकाराचा विचार समाजवाद्यांना परका नव्हता. किंबहुना तो त्यांचाच विचार होता. परंतु त्यांचे मुख्य नेतृत्व पुण्यामुंबईचे, मध्यमवर्गीय आणि बव्हंशी ब्राह्मण होते. आणि संस्था पक्षासाठी राबविणे त्यांना नैतिकदृष्ट्या हीन वाटे. या संकोचात सचोटी होती, हे मान्य. पण तिची किंमत अशी की, समाजवादी वळणाच्या ज्या कार्यकर्त्यांना गावात राहून काही उभारायचे होते, त्यांना आज ना उद्या काँग्रेसचे दार ठोठवावे लागले. सा. रे. पाटील यांनी शिरोळच्या दत्त कारखान्याचे दीर्घकाळ नेतृत्व केले आणि या भागाच्या शेतीला वळण लावले. पुढे याच मतदारसंघातून ते विधानसभेवर गेले, ते काँग्रेसचे आमदार म्हणून. त्यांचे समाजवादी संस्कार सुटले नव्हते, हे तालुका जाणतो. सुटला होता तो पक्ष. कारण तालुक्यात टेकायला पक्षाची भिंतच नव्हती.

दुभंग

पक्षाध्यक्ष म्हणून एसेम यांची खरी परीक्षा १९६३ नंतर झाली. त्या वर्षी ते प्रजा समाजवादी पक्षाचे अध्यक्ष झाले. पक्षापुढे दोन वाटा होत्या. अशोक मेहता यांचे म्हणणे असे की, मागास अर्थव्यवस्थेत विकासाची निकड एवढी मोठी असते की विरोधी पक्षाने शासनाशी सहकार्याची क्षेत्रे शोधावीत. त्यांनी नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद स्वीकारले आणि १९६४ साली ते काँग्रेसमध्ये गेले. दुसऱ्या टोकाला डॉ. राममनोहर लोहिया होते. काँग्रेसची मक्तेदारी मोडल्याखेरीज समाजपरिवर्तन अशक्य, मागासवर्गीयांना ६० टक्के जागा मिळाल्याच पाहिजेत आणि इंग्रजीचे वर्चस्व हटलेच पाहिजे, ही त्यांची भूमिका.

एसेम यांनी नेहमीप्रमाणे जोडण्याची वाट धरली. जून १९६४ मध्ये लोहियांचा समाजवादी पक्ष आणि प्रजा समाजवादी पक्ष यांचे मीलन होऊन संयुक्त समाजवादी पक्ष बनला आणि अध्यक्षपद एसेम यांच्याकडे आले. सात महिन्यांतच, जानेवारी १९६५ च्या वाराणसी अधिवेशनात, हे मीलन फिसकटले. नानासाहेब गोरे, नाथ पै, मधु दंडवते प्रभृती जुन्या प्रजा समाजवादी पक्षात परतले. एसेम संयुक्त समाजवादी पक्षातच राहिले. एका खोलीत वाढलेले, एका तुरुंगात राहिलेले एसेम आणि नानासाहेब आता दोन पक्षांचे अध्यक्ष झाले. त्यांचा स्नेह अखेरपर्यंत अबाधित राहिला, ही गोष्ट दोघांनाही भूषणावह आहे. परंतु गावोगावच्या कार्यकर्त्याला स्नेहाचा काय उपयोग? त्याला एकाच वस्तीत दोन फलक लावावे लागले.

१९६७ च्या निवडणुकीचे आकडे पाहावेत. लोकसभेत संयुक्त समाजवादी पक्षाला २३ आणि प्रजा समाजवादी पक्षाला १३ जागा मिळाल्या. दोहोंची बेरीज ३६ होते. जनसंघाला ३५ होत्या. काँग्रेसची पकड पहिल्यांदाच सैल झाली होती, आठ-नऊ राज्यांत सत्तांतर होत होते आणि नेमक्या त्या क्षणी देशातील समाजवादी शक्ती दोन ठिकाणी विभागलेली होती. एसेम स्वतः पुण्यातून लोकसभेवर गेले. बिहारमध्ये त्यांच्या पक्षाला सत्तेत वाटा मिळाला. पण लोकसभेचे सदस्य बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांनी तेथे मंत्रिपद धरून बसावे, हे पक्षाला मान्य झाले नाही. तत्त्व बरोबर होते. मंडल बाहेर पडले, त्यांनी वेगळा गट केला आणि जानेवारी १९६८ मध्ये ते संयुक्त सरकार कोसळले. ऑक्टोबर १९६७ मध्येच लोहिया निवर्तले होते. १९७१ साली दोन्ही समाजवादी पक्ष पुन्हा एकत्र आले, तोवर इंदिरा गांधींच्या लाटेत विरोधी पक्ष वाहून गेले होते.

इतरांना जोडणाऱ्या या माणसाला स्वतःचा पक्ष का जोडून ठेवता आला नाही? समितीत घटक पक्षांची मते वेगळी होती, पण मागणी एक होती आणि ती पुरी होण्याचा क्षण ठरलेला होता. पक्षाचे तसे नसते. पक्षाला रोज जगावे लागते. त्यासाठी बांधलेला सभासद, ठरलेली वर्गणी आणि बहुमताचा निर्णय मनाविरुद्ध असला तरी पाळण्याची सवय लागते. समाजवादी पुढारी स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला पक्षापेक्षा वरचे स्थान देत. एका नेत्याच्या बाबतीत हा गुण. शंभर नेत्यांच्या पक्षात तो फुटीचे कारण ठरतो. एसेम यांना कोणालाही दुखवणे जमत नसे. अध्यक्षाला कधीकधी दुखवावे लागते.

सत्तेच्या दाराशी

आणीबाणीनंतर १९७७ साली जनता पक्ष सत्तेवर आला आणि महाराष्ट्रात त्याचे प्रदेशाध्यक्षपद एसेम यांच्याकडे होते. १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी ९९ जागा मिळवून जनता पक्ष सर्वांत मोठा ठरला, पण सरकार दोन काँग्रेसांचे झाले. ते चार महिन्यांत कोसळले आणि १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे शासन आले. आघाडीतील सर्वांत मोठा पक्ष जनता पक्षच होता. मुख्यमंत्रिपद मात्र दुसऱ्याकडे गेले. आयुष्यभर विरोधात काढलेल्या पक्षाने सत्तेचे पहिले पान असे दुसऱ्याला वाढले. यात औदार्य होते, की सत्ता हाताळण्याची सवय नसलेल्यांचा संकोच, यावर मतभेद होऊ शकतात. दोहोंचा अंश असावा.

त्या शासनाच्या पहिल्याच पंधरवड्यात, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामांतराच्या बाजूने उभे राहिलेल्या एसेम यांच्या गळ्यात औरंगाबादेत चपलांची माळ घालण्यात आली. तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. पर्वतीच्या पायरीवरचा पंचवीस वर्षांचा तरुण आणि औरंगाबादेतला हा वृद्ध यांच्यामध्ये अर्धे शतक गेले होते. मनुष्य तोच होता. मतांच्या हिशेबाने त्यांच्या पक्षाला या भूमिकेचा तोटाच होणार होता, आणि तो ठाऊक असूनही त्यांनी ती सोडली नाही. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. तो पाहायला एसेम नव्हते. १ एप्रिल १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते.

हिशेब

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. एसेम यांनी कारखाना उभारला नाही, बँक काढली नाही, मंत्रिपद घेतले नाही. त्यांचा पक्षही त्यांच्या मागे उरला नाही. जमेच्या बाजूला काय आहे? ज्या राज्याच्या नावाने आपण व्यवहार करतो, ते राज्य मिळविण्याच्या लढ्यातील एकजूट त्यांनी राखली. तो लढा मराठी आणि गुजराती यांच्यातील कायमच्या वैरात परिणत झाला नाही, याचेही पुष्कळसे श्रेय त्यांना जाते. शिरोळच्या माणसाला हे विशेष कळावे. दूधगंगेपलीकडे सदलगा आणि एकसंबा आहेत. तेथे आमच्या लेकी दिलेल्या आहेत, तेथील सुना आमच्या घरी आहेत, बाजारात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलली जाते. सीमेचा प्रश्न महाजन आयोगाने १९६७ साली दिलेल्या अहवालाने सुटला नाही. २००४ साली महाराष्ट्राने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. हक्काची मागणी ठामपणे करायची आणि शेजाऱ्याचा द्वेष करायचा नाही, ही रीत एसेम यांनी घालून दिली. सीमेवर राहणाऱ्यांना ती रोजच्या जगण्यासाठी लागते.

खर्चाच्या बाजूला मात्र एक मोठी रक्कम मांडावी लागेल, आणि ती दडवून ठेवण्यात त्यांचा सन्मान नाही. सत्ताधारी पक्षाला डावीकडून धाक राहील असा, शेतकरी-कामगारांच्या वर्गणीवर चालणारा पक्ष महाराष्ट्रात उभा राहिला नाही. ती पोकळी राहिली. पुढे ऊसदराच्या प्रश्नावर शेतकरी संघटनेला रस्त्यावर यावे लागले, आमच्या जयसिंगपुरात ऊस परिषदा भरू लागल्या, याचे एक कारण ही पोकळी होय. कारखान्याच्या अध्यक्षाला जाब विचारणारा पक्ष कारखान्याच्या बाहेरून यावा लागतो, आणि तो बांधण्याचे काम समाजवाद्यांकडून राहून गेले.

त्या मुलाला वर्गात मी एवढेच सांगितले की, ते मंत्री नव्हते. मंत्री कोण असावे, हे ठरविण्याचा ज्यांना अधिकार आहे, त्यांचे राज्य त्यांनी मिळवून दिले. उत्तर त्याला पटले की नाही, ठाऊक नाही. तास संपल्यावर तो थांबला आणि त्यांच्यासारखे राहायचे तर पक्ष कसा चालवायचा, असे त्याने विचारले. या प्रश्नाचे उत्तर एसेम यांच्या चरित्रात मिळत नाही. ते या पिढीलाच शोधावे लागेल, आणि शोधताना त्यांची निःस्वार्थ वृत्ती जितकी उपयोगी पडेल, तितकीच गावागावांत फिरून ठेवलेली सभासदांची वहीही लागेल.